तान्ह्या बाळाचा परदेशप्रवास



आपल्या भागातली तरुण जोडपी तान्ही बाळे घेऊन कुवेतला, दुबईला जातात. बाळाचा पासपोर्ट वेगळा, पण अर्जावर संमती आईवडिलांची. ज्याला विचारताच येत नाही, त्याच्या वतीने एवढे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कसा?

‘बाळाला काय कळतंय!’ हे उत्तर मला पटत नाही. विमान उतरताना कान दुखले की ते रडते. (तेव्हा अंगावर पाजावे, गिळल्याने कान मोकळे होतात.) त्याला कळते, सांगता येत नाही इतकेच. बाप्तिस्म्यातही आपण बाळाला न विचारता श्रद्धा कबूल करतो. पण त्याच वेळी त्याला त्या श्रद्धेत वाढवण्याचे वचन देतो. अधिकार येतो तो त्या वचनातून.

योसेफाने रातोरात बाळाला मिसर देशात नेले, कारण हेरोद त्याच्या जिवावर उठला होता. आपले कारण बहुधा पगार असते. तेही हलके नव्हे. बापाची ओळख फोनवरच होणे मला जास्त जड वाटते. तरी ‘बाळासाठीच जातो’ म्हणण्याआधी नवराबायकोने एकमेकांना खरे काय ते विचारावे, आणि दर वर्षी पुन्हा विचारावे. हेरोद मेल्यावर योसेफ परतला. पण यहूदीयात अर्खेलाव राज्य करतो हे कळताच तिथे न थांबता बाळाला घेऊन गालीलात गेला.