सैल गाठ

जैन घरात कुत्रा पाळावा का, हा प्रश्न आमच्याकडे उपाश्रयाच्या पायरीवर निघतो आणि बहुतेक वेळा "नको गं बाई ते" एवढ्यावर मिटतो. कारणं ठरलेली असतात. घरभर केस पडतात, सामायिकाच्या आसनावर पाय देतो, पाल दिसली की झेपावतो, आणि जात तर मांस खाणारी. त्यातून एखाद्या जाणत्या आजी असल्या तर हळूच विचारतात, "पंधरा कर्मादानांत असतीपोषण आहे ना? मग?"

या "मग?"ला हसून टाळणं बरोबर नाही. कर्मादानं म्हणजे श्रावकाने करू नयेत असे धंदे. कोळसा पाडणं, जंगल तोडणं, हस्तिदंताचा किंवा विषाचा व्यापार, तळी आटवणं अशी ती यादी आहे, आणि तिच्या शेवटी असतीपोषण येतं. त्यात दुसऱ्या जिवांना मारणारी जनावरं पोसणंही येतं. पण यादी धंद्यांची आहे, हे विसरून चालणार नाही. कुत्रीला पुन्हा पुन्हा गाभण ठेवून पिल्लं विकणारा माणूस या यादीत बसतो, आणि त्याच्याकडून हौसेने पिल्लू विकत घेणारे आपण त्याच्या वहीतलं गिऱ्हाईक होतो. म्हणून माझं मत असं, की कुत्रा आणायचाच तर विकत आणू नये. गल्लीत आई हरवलेली पिल्लं दर पावसाळ्यात दिसतात. त्यातलं एक उचललं तर कुणाच्या कमाईत भर पडत नाही.

आमचा शेरू असाच आला. गावठी, बदामी रंगाचा, एक कान उभा, एक पडका. अंगात वारं भरल्यासारखा. सकाळी साडेपाचला तो दाराशी चप्पल आणून ठेवतो, तीही एकच, म्हणजे दुसरी शोधताना माझी झोप पुरती उडावी! कोसाड २००६ साली सुरत महापालिकेत आलं, तरी गाव अजून पुरतं बुजलेलं नाही. इकडे आवासाच्या इमारती, साडीला टिकल्या लावायला बसलेल्या बायका, रेल्वेचा रूळ. आणि गोठाणगाव-सायणच्या अंगाला निघालात की उसाचा पट्टा. शेरूला त्या वाटेवरचं सगळं माहीत आहे. कुठल्या बांधावर मुंगूस निघतं, कुठल्या टपरीवाला खारीचा तुकडा देतो, कुठल्या डबक्यात म्हशी बसतात. डबक्यात उतरायचं, चिखल अंगभर घ्यायचा आणि मग बरोबर माझ्या साडीजवळ येऊन अंग झाडायचं. वाऱ्याने उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर तो असा धावून जातो की जणू गावावर शत्रू आलाय. गाडी धडधडत गेली की तिच्याबरोबर पळतो आणि ती निघून गेल्यावर, आपणच हाकलली अशा तोऱ्यात परत येतो.

हा आनंद बघताना मला नेहमी पहिल्या अणुव्रताचे अतिचार आठवतात. प्रतिक्रमणात आपण ते इतक्या भरभर म्हणतो की अर्थ मागेच राहतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, पेलणार नाही इतकं ओझं घालणं, खाणंपिणं तोडणं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही हेच पाच आहेत. आता जरा बघा, जीव घेणं याच्या कितीतरी अलीकडे ही यादी सुरू होते. त्यातले बहुतेक दोष अनोळखी जिवाला लागतच नाहीत. जो जीव आपल्या दावणीला आहे, ज्याचं खाणं आपल्या हातात आहे, त्याच्याच बाबतीत ते घडतात. म्हणजे हे पाच शब्द पाळणाऱ्यासाठीच आहेत.

चौथा शब्द आपल्याकडे रोज रस्त्यावर दिसतो. स्कूटरला पट्टा बांधून कुत्रा पळवणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. त्याला 'व्यायाम' म्हणतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो; सुरतेच्या उन्हात स्कूटरच्या वेगाने पळवलं तर तो थांबा म्हणू शकत नाही, पडेपर्यंत पळतो. डांबर तापलंय का हे बघायला हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवत नाही.

पाचव्याचा मामला आपल्या स्वयंपाकघराचा. कुत्रा लांडग्याच्या कुळातला असला तरी माणसाच्या संगतीत हजारो वर्षं राहून त्याला धान्य पचायला लागलं आहे. नीट समतोल ठेवला, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून प्रथिनांची सोय केली, तर तो शाकाहारावर चांगला राहतो. नुसती दूध-पोळी मात्र पुरत नाही, आणि दूध तर कित्येक मोठ्या कुत्र्यांना पचतही नाही. कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे, ते आपल्या घरात नाहीतच. पण द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट असतात, तेवढं सांभाळावं. मांजराचं वेगळं आहे. तिच्या शरीराला लागणारं काही फक्त प्राण्यांच्या अन्नातच मिळतं. मग तिला वरण-भातावर ठेवण्याचा हट्ट हा अन्ननिरोधच झाला. ते जमणार नसेल तर मांजर पाळू नये. आणखी एक. "आमचा टॉमी पर्युषणात एकासणं करतो" असं कौतुकाने सांगणाऱ्या बहिणी मला भेटतात. उपवास म्हणजे समोर असलेलं अन्न आपल्या इच्छेने सोडणं. ज्याच्यापुढे ताटलीच ठेवली नाही, त्याचा उपवास होत नाही, उपासमार होते.

तिसरा शब्द सगळ्यांत अवघड. नसबंदी करावी का? छविच्छेद अतिचारात आहे, आणि खच्चीकरणाचा धंदा, निर्लांछन, तोही त्याच पंधरांत आहे. दुसऱ्या बाजूला, रस्त्यावरच्या कुत्रीला वर्षातून दोनदा पिल्लं होऊ शकतात आणि त्यातली किती चाकाखाली जातात हे रिंगरोडच्या कडेने चालणाऱ्या कुणालाही विचारा. सरकारचे २०२३चे नियम सांगतात की कुत्र्यांची नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी आणि त्यांना जिथून उचललं तिथेच परत सोडावं. मला वाटतं, इथे हेतू बघावा लागतो. राग, लोभ, हौस यांच्यापोटी केलेली कापाकापी, उदाहरणार्थ रुबाबासाठी डॉबरमनचे कान आणि शेपूट छाटणं, ही उघड हिंसा. पुढच्या मरणांना आळा घालण्यासाठी, भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया त्याच मापाने मोजता येणार नाही. तरी ती निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. करावी, आणि आलोचनाही करावी.

आता पहिला शब्द, बंध. इथे आपल्या जुन्या टीकाकारांनी फार बारीक विचार केला आहे. ते म्हणतात, बांधणं दोन तऱ्हेचं, कारणाने आणि विनाकारण. विनाकारण बांधणं तर नकोच. कारणाने बांधायचं तर त्यातही दोन तऱ्हा. एक बेपर्वाईचं, करकचून. दुसरं काळजीचं: गाठ अशी सैल असावी की आग लागली तर चटकन सोडता यावी. बांधणाऱ्याच्या डोक्यात आगीचा विचार आधी असायला हवा, ही अपेक्षा! गोठ्यातल्या गाईसाठी सांगितलेलं हे सूत्र गच्चीवरच्या कुत्र्याला तसंच्या तसं लागू आहे. किती घरांत हौसेने आणलेलं कुत्रं सहा महिन्यांत गच्चीवर जातं, लोखंडी साखळीला लागतं, दिवसभर भुंकतं. त्याला वेळेवर भाकरी मिळते, म्हणून घरच्यांना वाटतं, आपण दया करतोय.

आहारदान आपल्याला सोपं जातं. सांजेला चार पोळ्या जास्त लाटल्या की झालं. पण ज्याच्या पायांत पळणं भरलंय, त्याला पळू देणं हेही त्याच्या वाट्याचं आहे, आणि ते पोळीसारखं दारातून फेकता येत नाही. त्यासाठी आपल्याला सोबत जावं लागतं, थंडीत, चिखलात, झोप मोडून. माझ्या मते कुत्रा पाळायचा की नाही याचा निकाल इथेच लागतो. रोज तास-दीड तास द्यायला घरात कुणी नसेल, तर कितीही माया असली तरी पाळू नये.

मग म्हणाल, पट्टाही काढून टाका. तेही नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं कसलं, चार खडे गोळा केलेले. शेरू मोकळा असला तर त्याचा खेळ होतो आणि तिचा वंश जातो. त्या पट्ट्यात आलो की मी त्याला दोरी लावते. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, हा उड्या मारतो, मी पायाखाली बघत चालते. ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन बघून चालायला सांगितलंय. ओढणारा कुत्रा हाती असताना ते जमवून बघा, साध्वीजींच्या चालण्याची किंमत कळते! शेरूला जे बंधन, ते टिटवीला अभयदान. दोरी तीच. गच्चीवरच्या साखळीचं दुसरं टोक भिंतीतल्या कडीत अडकवलेलं असतं. या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असतं, म्हणजे त्याच्याइतकीच मीही बांधलेली असते. तो थांबला की मी थांबते. टिटवीचा पट्टा संपला की गाठ सुटते.

सुरतेला ही परीक्षा नवी नाही. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली हिंदुस्थानात आला आणि सुरतेत राहिला. १६९६ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने इथल्या जनावरांच्या दवाखान्याबद्दल लिहिलं. गाई, घोडे, शेळ्या, कुत्रे तिथे सांभाळले जात. ढेकूण-पिसवांसाठीही वेगळी जागा होती, हे वाचून त्याचे वाचक हसले असतील. मुंबईत १८३२ साली इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, त्यांना हिंदू-जैनांनी साथ दिली, आणि १८३४ साली भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. पण १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने पिसाळण्याच्या भीतीने आवारातली साठ कुत्री मारवली आणि गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्याला दोष दिला नाही, तेव्हा आपला समाज फार दुखावला. मला ते मारणं आजही पटत नाही, आणि आता रेबीजची लस असताना त्याची गरजही उरलेली नाही. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र टाळता येत नाही. धनी नसलेलं कुत्रं हा समाजाचा दोष आहे, तुकडा फेकून दया होत नाही, कुत्र्याची माया असेल त्याने त्याची जबाबदारी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी रागावून लिहिणाऱ्या किती जणांनी एकेक कुत्रा घरी नेला असेल?

सरतेशेवटी एक गोष्ट बायकांच्या आपसातली. टीकाकारांनी बंधाचा नियम सांगताना चतुष्पदांबरोबर द्विपदही घेतले आहेत. दोन पायांचे, म्हणजे नोकर, मुलं, घरची माणसं. मुलीला बाहेर जाऊ देताना आपण जी गाठ मारतो, ती कारणाची की विनाकारण, सैल की करकचून, हा प्रश्न तिथूनच येतो. आमच्या सोसायटीत पहाटे बाईने नुसतं फिरायला जावं ही गोष्ट अजून खपत नाही. दूध आणायचं असावं, देरासरला जायचं असावं, काहीतरी कारण लागतं. शेरू आल्यापासून मला कारण मिळालं. मग शेजारच्या एक बेन "मलाही आणायचंय का पिल्लू?" म्हणता म्हणता नुसत्याच सोबत यायला लागल्या, मग त्यांची सून. आता आम्ही पाच जणी उसाच्या वाटेला जातो आणि कुत्रा एकच! त्यातल्या दोघींना आधी कुत्र्याची भीती वाटायची.

मनासह पाच इंद्रियांच्या तिर्यंचालाही व्रत घेता येतं असं शास्त्र सांगतं. जीवंधरकुमाराने मरत्या कुत्र्याच्या कानात नवकार म्हटला आणि तो यक्ष झाला, ही कथा आपण मुलांना सांगतो. ज्या जिवाला एवढी वाट मोकळी आहे, त्याला आपण निदान उसाच्या बांधापर्यंतची वाट द्यावी. कुणाच्या गच्चीवर साखळी असेल तर आज गाठ तपासून बघा. चटकन सुटते का? आणि सोडल्यावर त्याच्याबरोबर चालायला घरातून कोण निघणार आहे?