निरोपाचा अधिकार

वेतनाची अपेक्षा न ठेवता परमुलखात जाऊन एखाद्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत वर्ष-दोन वर्षे सेवा करणाऱ्या माणसाविषयी आपण बोलतो, तेव्हा त्याच्या जाण्यामागची प्रेरणा, तेथील भाषेशी त्याने केलेली झटापट, त्याने सोसलेल्या गैरसोयी यांचा पुष्कळ ऊहापोह करतो; परंतु मुदत भरल्यावर त्या मंडळीचा निरोप घेण्याचा जो प्रसंग येतो, तो केवळ डोळे पुसण्याचा समजून भावनेच्या खाती जमा करण्याची आपली वहिवाट आहे. मला तो प्रसंग भावनेइतकाच विचाराचाही वाटतो. ज्या मंडळीत रविवारी तीस-चाळीस माणसे जमतात, जेथे मुलांना शास्त्रपाठ शिकवणारा, गायनाला पेटीची साथ करणारा आणि उपासनेनंतर एखाद्या थकलेल्या आजीबाईंना घरी पोचवणारा एकच मनुष्य असतो, तेथून तो उठून गेला म्हणजे चार कामे अडतात एवढेच घडत नाही; इतके दिवस ही मंडळी नेमकी कोणाच्या आधारावर उभी होती, हा प्रश्न उघड्यावर येतो, आणि त्याचे उत्तर जाणाऱ्याला ऐकवतेच असे नाही.

या प्रश्नाचा आद्य दस्तऐवज म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा विसावा अध्याय. प्रेषित पौल यरुशलेमेस निघाला होता आणि पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत तेथे पोचण्याची त्याला त्वरा होती. म्हणून ज्या इफिस शहरात त्याने तीन वर्षे घालवली होती ते टाळून त्याचे गलबत पुढे गेले, आणि मिलेतच्या बंदरात उतरल्यावर माणूस धाडून त्याने इफिसच्या मंडळीच्या वडिलांना तेथे बोलावून घेतले. ही दोन्ही शहरे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरची. त्यांच्यातील अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ४५ किलोमीटर भरते, आणि त्या काळी मिलेतच्या बाजूला मेआंडर नदीच्या मुखाशी समुद्र बराच आत शिरलेला असल्यामुळे वाट याहून लांबची होती. (पुढे त्याच नदीच्या गाळाने ते बंदर बुजून गेले, आणि आज त्या अवशेषांपासून समुद्र कित्येक किलोमीटर दूर हटलेला आहे.) तेव्हा निरोप पोचून ती मंडळी येईपर्यंत काही दिवस सहज मोडले असतील, मग घाईत असलेल्या माणसाने इफिसमध्येच एक मुक्काम का केला नाही? भाष्यकार याची कारणे गलबताच्या मार्गात, किंवा रुपे घडवणाऱ्या कारागिरांनी पूर्वी इफिसमध्ये माजवलेल्या दंग्यात शोधतात, आणि ती खरीही असतील. पण ज्याने एकदा तरी लहान मंडळीचा निरोप घेतला आहे, त्याला याहून साधे कारण सुचेल: घराघरांतून आलेली जेवणाची आमंत्रणे स्वीकारून कोणीही आजवर वेळेवर बंदरावर पोचलेला नाही.

मिलेतला पौलाने जे भाषण केले त्याचा पुष्कळसा भाग हिशेबाचा आहे. कोणाच्या सोन्यारुप्याचा वा वस्त्राचा आपण लोभ धरला नाही, आपल्या व आपल्या सोबत्यांच्या गरजा याच हातांच्या श्रमाने भागवल्या (राहुट्या करणे हा त्याचा धंदा होता), आणि जे हिताचे होते ते सांगण्यात कसूर केली नाही, अशी तो रुजुवात देतो. मग तो बजावतो, की आपण गेल्यावर कळपात क्रूर लांडगे शिरतील, इतकेच नव्हे तर या वडिलांमधूनच काही जण फितवणारे निघतील. इतके अप्रिय भाकीत निरोपाच्या भाषणात करण्याचे धैर्य आजच्या निरोप समारंभांत आढळत नाही. आणि शेवटी येते ती सुपूर्दगी. पण ती कोणा उत्तराधिकाऱ्याकडे नव्हे. इफिसची सनद त्याने कोणाच्याही नावे लिहून दिली नाही. त्या वडिलांनाच त्याने देवाच्या आणि देवाच्या वचनाच्या हवाली केले, म्हणजे मंडळी ज्याची होती त्याच्याच ती पुन्हा स्वाधीन केली, आणि स्वतः मधून बाजूला झाला. त्यानंतर सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, ते त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि आपले तोंड पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडणार नाही हे जे तो बोलला होता त्याचे दुःख त्यांना सर्वांत अधिक झाले.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकाला हा प्रसंग किंचित अवघडवून टाकतो, हे मी जाणतो. निष्काम सेवकाने फळाची आशा सोडावी तशी माणसांचीही सोडावी आणि पान गळावे तसे निघून जावे, अशी आपली धारणा. आणि येथे तर किनाऱ्यावर स्थितप्रज्ञ म्हणावा असा एकही मनुष्य दिसत नाही. परंतु मला वाटते, सेवकाला दोन गोष्टींची आसक्ती जडते: ज्यांची सेवा केली त्या माणसांची, आणि त्या माणसांच्या जीवनात आपल्याला लाभलेल्या स्थानाची. पौलाने पहिली लपवली नाही, आणि दुसरी क्षणाचाही विलंब न लावता सोडून दिली. अडचण अशी, की स्थानाची आसक्ती बहुधा माणसांच्या प्रेमाचा वेष घेऊन येते. ‘माझ्यावाचून यांचे कसे होईल’ हे उद्गार करुणेचे वाटतात. किंचित खरवडून पाहिले तर त्याखाली मालकी हक्काचा दावा सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना समजावतो, की आपले जाणे त्यांच्या हिताचेच आहे, कारण त्यावाचून कैवारी येणार नाही. पण वर्षभर पेटी वाजवलेल्या स्वयंसेवकाने ते वचन स्वतःस लावून घेऊ नये, एवढी नम्र विनंती करावीशी वाटते.

मालकीचा हा दावा व्यक्तीच करतात असे नाही, संस्थाही करतात. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचा कारभार १८४१ पासून सुमारे तीस वर्षे पाहणाऱ्या हेन्री व्हेन यांनी, आणि अमेरिकन बोर्डाच्या रूफस अँडरसन यांनी, जवळजवळ एकाच काळात असे मत मांडले होते, की स्थानिक मंडळी स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार आणि स्वतःचा प्रसार सांभाळू लागली की परदेशी मिशनरीने तेथून उठावे. अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांनी १८३१ पासून अहमदनगरात चाललेल्या अमेरिकन मराठी मिशनचे काम समक्ष पाहिले आणि खेडोपाडी देशी पाळकांच्या हाती मंडळ्या सोपवण्याचा आग्रह धरला. तरीही परदेशी मिशनरी त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ नगर जिल्ह्यात राहिलेच. काही घराण्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या तेथे राबल्या, आणि त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. पण नायजर नदीच्या मुलखात जे घडले ते इतके निरुपद्रवी नव्हते. गुलामांच्या जहाजावरून सुटका झालेले सॅम्युएल अजायी क्राउदर १८६४ मध्ये अँग्लिकन पंथाचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. व्हेन यांच्या मागे आलेल्या तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांचा अधिकार हळूहळू काढून घेतला, आणि १८९१ च्या अखेरीस ते वारल्यावर त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमण्यात आला. निघून जाण्याचे तत्त्व कागदावर मान्य असलेल्यांनाच प्रत्यक्ष निघणे किती जड जाते, याची ही साक्ष आहे.

आणखी एक गोष्ट जाणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्याच्या खिशात परतीचे तिकीट असते त्याला निरोप हा आयुष्यातला एकमेव प्रसंग वाटतो. राहणाऱ्यांना तो तसा वाटत नाही, कारण त्याच्याआधी आलेला स्वयंसेवक त्यांनी असाच बोळवलेला असतो आणि त्याच्यानंतर येणाराही ते बोळवणार असतात. जेवण, प्रार्थना, एखादे विणलेले वस्त्र, रांगेने उभे राहून काढलेले छायाचित्र, हा सारा विधी त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. यावरून त्यांचे प्रेम उथळ होते असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. उलट, प्रेम करायचे आणि हक्क सांगायचा नाही, ही जी विद्या स्वयंसेवक निघतेवेळी शिकू पाहतो, तिच्यात ती माणसे केव्हाच मुरलेली असतात. म्हणूनच ‘मी पुन्हा येईन’ हे त्याचे वचन ती हसून ऐकतात आणि मनावर घेत नाहीत. पौलाने तसे वचन दिले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, त्रफिमाला आजारी म्हणून मिलेतात मागे ठेवल्याचा उल्लेख आहे. ते पत्र पौलाचेच असेल (विद्वानांचे यावर एकमत नाही), तर तो त्या किनाऱ्यावर पुन्हा आला असावा आणि त्याचा अंदाज चुकला असावा. परंतु चुकला तो खोटी आशा देण्याच्या बाजूने नव्हे.

तो गेल्यावर इफिसच्या मंडळीचे काय झाले, याचे उत्तर ‘प्रकटीकरण’ या ग्रंथातील तिला उद्देशून असलेल्या पत्रात मिळते, आणि ते मिश्र आहे: खोट्या प्रेषितांची पारख तिने केली, कष्टात धीर सोडला नाही, पण पहिली प्रीती तिने टाकली. पौल तेथेच राहिला असता तर ती टिकली असती असे म्हणवत नाही. त्याने स्थापन केलेल्या करिंथच्या मंडळीत तर त्याच्या हयातीतच तट पडले होते. पण ताटातूट पुरी झाली होती असेही म्हणता येत नाही, कारण ज्या त्रफिमाचा उल्लेख वर आला तो इफिसचाच होता आणि याच प्रवासात पौलाबरोबर निघाला होता. यरुशलेमेत आशिया प्रांतातून आलेल्या काही यहुद्यांनी त्या दोघांना शहरात एकत्र पाहिले, पौलाने या परक्याला मंदिरात आणून ते भ्रष्ट केले असा आरोप केला, आणि त्या गडबडीत पौल जो पकडला गेला तो पुढे दोन वर्षे कैसरियाच्या बंदिवासात राहिला. त्रफिमाला सोबत आणल्याबद्दल त्याने पश्चात्ताप केल्याची नोंद कोठेही नाही.