गुणपत्रिकेतला एकटा कर्ता

परीक्षेतल्या अपयशाला जबाबदार कोण, हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्मामागे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि दैव. गुणपत्रिकेवर मात्र त्यांपैकी एकट्या कर्त्याचेच नाव असते.

बीड जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावची शाळा पाहावी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे कारखान्यांच्या भागात जातात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईबापांसोबत गेलेल्या मुलाचे दुसरे सत्र बुडते. अशा मुलाच्या आठवीच्या उत्तरपत्रिकेत १/२ + १/३ = २/५ असे उत्तर सापडते. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. उत्तर चुकले, पण ते अंदाजपंचे नाही. पूर्ण संख्यांच्या बेरजेची रीतच त्याने पुढे नेली आहे. वर्गात छेद समान करायला शिकवले, तेव्हा तो उसाच्या फडात होता.

शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. शाळेच्या संदर्भात तो अर्थ मूल जिथे वाढते त्या घरापर्यंत आणि स्थलांतरापर्यंत नेता येतो. शिक्षक, पुस्तक, वर्ग ही करणे. शिकणे-शिकवणे ही चेष्टा. दैवाचा अर्थ पूर्वकर्म असा घेतला, तर गरिबी हे मुलाचेच फळ ठरते. तसे मानले तरी शिक्षकाचे कर्तव्य सुटत नाही, कारण साधने आणि चेष्टा ही दोन कारणे त्याच्या हाती उरतातच.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन अनुत्तीर्णांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. मात्र त्याआधी जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा बंधनकारक आहे.

सर्वांना सरसकट वर ढकलले, तर कर्ताच विचारातून गळतो. नुसते नापास केले, तर उरलेली चार कारणे गळतात. जादा शिकवणीच्या तरतुदीत मात्र दोन्ही बाजू सांभाळता येतात: मुलाचा समच्छेदाचा राहिलेला पाठ आधी शाळेने भरून काढायचा आणि मग गणित सोडवण्याची जबाबदारी मुलावर टाकायची.