घर आणि गाणें

जुन्या घराचें जतन कसें करावें, हें कोणासही कळतें. तुळई कुजली तर तशीच दुसरी बसवावी. भिंतींस नवें रूप देऊं नये. परंतु गाण्याचें जतन कसें करावें?

अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत मॅडिसन हा डोंगराळ परगणा आहे. तेथें हॉट स्प्रिंग्ज गांवीं सनीबँक नांवाचें एक जुनें लांकडी घर आहे. जेन हिक्स जेन्ट्री ही बाई एके काळीं त्यांत राहत असे, म्हणून त्याची ख्याति. १९१६ सालीं सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक त्या मुलुखांत आला व या एकाच बाईच्या तोंडून त्यानें साठांहून अधिक गीतें टिपून घेतलीं. पुढील वर्षीं ऑलिव्ह डेम कॅम्बेल या विदुषीसह त्यानें त्या पर्वतप्रदेशाचा जो गीतसंग्रह प्रसिद्ध केला, त्यांत गीतें १२२ आणि चाली ३२३ आहेत. मोठा बोलका हिशेब! यांतील खरी चाल कोणती, याचा निवाडा शार्पनें केला नाहीं, हा त्याचा विवेक. मात्र त्याचें मन इंग्लंडहून आलेल्या कथागीतांवर जडलेलें. त्या लोकांचीं भजनें बहुतांशीं वहीबाहेरच राहिलीं. गाणाऱ्यांना तीं कांहीं कमी प्रिय नव्हतीं.

आतां तेथील एखाद्या मुलीनें आजीची ओळ बदलून म्हटली, तर पुस्तक उघडून तिची चूक काढण्याचा अधिकार कोणास? माझ्या मतें कोणासही नाहीं. घराला मूळ रूप असतें. गाण्याला केवळ आधीचें रूप असतें. याच परगण्यांतील गायिका शीला के ॲडम्स हिला २०१३ सालीं राष्ट्रीय वारसा-सन्मान मिळाला. तिनें हीं गीतें घरच्या वृद्ध स्त्रियांसमोर गुडघ्याला गुडघा लावून, एकेक ओळ मागून म्हणत उचललीं.