गुणवत्ता विभागात रुजू होणाऱ्या भाचीस

चि. भाचीबाईंस,


पिस्तुलं बनवणाऱ्या कारखान्यात, तेही गुणवत्ता विभागात, तुला नोकरी लागल्याचं ताईने कळवलं. ती धास्तावली आहे. मी नाही. माझी सगळी नोकरी ब्रेकचे भाग तपासण्यात गेली, त्यामुळे ज्या वस्तूने माणूस मरू शकतो तिच्या कागदावर सही करणं आपल्या घराला नवं नाही. फरक एवढाच, की ब्रेक लागला नाही तर लोक गाडीला बोल लावतात आणि पिस्तूल उडालं तर माणसाला. ‘चापावर बोट गेलं असणार’ हे वाक्य कारखान्याच्या फार सोयीचं असतं. म्हणून तू ते सगळ्यात शेवटी उच्चारायचं, बाकीच्या सगळ्या शक्यता तपासून झाल्यावर.

१ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं सांगण्यात आलं. आमच्या कट्ट्यावर तेव्हा भरलेलं हत्यार घरात हाताळावंच कशाला, यावर मोठा खल झाला. पडलेलं रिव्हॉल्व्हर उडावंच का, असं एकानेही विचारलं नाही. त्या घटनेत चूक कुणाची, याचा निवाडा मी करत नाही. पण तुझं काम त्या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होतं.

या प्रश्नाचं उत्तर नवं नाही. अमेरिकेतली रूगर कंपनी १९५३ पासून जुन्या काउबॉय धाटणीची सहाबारी रिव्हॉल्व्हरं विकत होती. गोळीवर ठोका मारणाऱ्या घोड्यासमोरचा कप्पा भरलेला असला आणि घोड्याला दणका बसला, तर बार उडायचा. म्हणून जाणकार पाचच गोळ्या भरत आणि घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवत. १९७३ साली कंपनीने आत एक पट्टी बसवली. चाप ओढलेला असेल तरच ती वर सरकते आणि घोड्याचा ठोका गोळी पेटवणाऱ्या पिनपर्यंत पोचवते. एरवी घोडा आपटला तरी पिनला धक्का लागत नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरांवरून खटले झाले, त्यात कंपनी पोळली, आणि मग जुन्या मालातही ही पट्टी फुकट बसवून द्यायला लागली. आजही देते, काढलेले जुने भागसुद्धा मालकाला परत पाठवते. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण शहाणपणच.

आता सिग सॉअर कंपनीच्या पी-३२० पिस्तुलाची गोष्ट नीट वाच, कारण ती थेट तुझ्या टेबलावरची आहे. अमेरिकेतल्या उद्योगाच्या मानकाप्रमाणे पिस्तूल चार फुटांवरून रबराच्या जाड चटईवर टाकतात: नळी खाली, नळी वर, डावी कूस, उजवी कूस, सरळ आणि उलटं. सहा ठरलेल्या दिशा. पी-३२० या मानकाला उतरतं, असं कंपनी सांगत होती. ऑगस्ट २०१७ मध्ये काही जणांनी ते जरा तिरकं, मागच्या टोकावर पडेल असं टाकलं, तर गोळी सुटली. का सुटली, ते समजून घे. पिस्तूल जमिनीवर आपटून जागच्या जागी थांबतं, पण चाप वजनाला भारी असल्यामुळे तो आपल्याच वेगाने मागे जात राहतो. म्हणजे बोट न लागता चाप ओढला जातो. दुसऱ्या काही पिस्तुलांच्या चापात एक छोटी पाती असते, बोटाने ती दाबल्याशिवाय चाप हलत नाही. पी-३२० ला ती नव्हती.

याहून झोंबणारी गोष्ट पुढे आहे. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये याच पिस्तुलाची आवृत्ती निवडली. लष्कराच्या चाचणीत पडल्यावर बार होण्याचा दोष सापडला आणि कंपनीने लष्करासाठी चापाचे भाग हलके करून दिले. ऑगस्टमध्ये बोभाटा झाला तेव्हा कंपनीनेच सांगितलं, की लष्कराच्या पिस्तुलांना हा प्रश्न नाही. मग दुकानातून विकत घेणाऱ्याला तो का असावा? बाजारातल्या पिस्तुलांसाठी जी दुरुस्ती जाहीर झाली तिला ‘ऐच्छिक सुधारणा’ म्हटलं गेलं. माल परत मागवला, असं नाही. हा शब्दांचा खेळ तुझ्याही कारखान्यात होईल, त्यात तू पडू नकोस.

माल परत मागवायची कंपनीला सक्ती करणारं तिकडे कुणी नव्हतंही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचं जे केंद्रीय खातं १९७२ च्या कायद्याने तिथे निर्माण झालं, त्याला बंदुकांना हात लावायची मुभाच नाही. खेळण्यातलं पिस्तूल ते बाजारातून काढायला लावू शकतं, खरं नाही. उरतं कोर्ट. २००५ च्या कायद्याने गुन्हेगाराच्या कृत्यासाठी बंदूक कंपन्यांना बरंच संरक्षण दिलं, पण मालातल्या दोषाचा दावा लावता येतो.

दुरुस्तीनंतरही होल्स्टरमधलं पी-३२० आपोआप उडाल्याच्या तक्रारी आल्या. चाप ओढल्याशिवाय ते उडत नाही, हे कंपनीचं म्हणणं आजवर कायम आहे. काही दावे कंपनी जिंकली. पण २०२४ मध्ये जॉर्जियात ज्यूरीने २३ लाखांहून अधिक डॉलर आणि फिलाडेल्फियात १ कोटी १० लाख डॉलर द्यायला सांगितले. लष्कराच्या पिस्तुलाला अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका आहे, बाजारातल्या बहुतेकांना नाही. मला विचारशील तर हा मुद्दा कंपनीला आणखी बराच काळ छळणार.

दुसरी बाजूही लक्षात ठेव. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधल्या हवाई तळावर याच जातीच्या पिस्तुलाची गोळी लागून एक जवान गेला. लगेच ती पिस्तुलं वापरातून बाजूला ठेवली गेली. महिनाभरात दुसऱ्या एका जवानाला खोटी माहिती दिल्याच्या आणि मनुष्यवधाच्या आरोपाखाली अटक झाली. तेव्हा पिस्तुलालाही आधीच फाशी द्यायची नाही. पुरावा काढायचा.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. कलम ८४ प्रमाणे रचनेत दोष असेल, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल, तरी उत्पादक अडकतो. वापरणाऱ्याने वस्तूत फेरफार केला किंवा ती भलतीच वापरली, तर विकणारा सुटतो. हे दोन्ही भाग वकिलांआधी तू वाचून ठेव.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ग्राहकांच्या तक्रारींची फाइल माग. ज्या पत्रांवर ‘वापरणाऱ्याची चूक’ असा शेरा मारून विषय मिटवला आहे, ती आधी वाच. चाचणीच्या तक्त्यात सहा दिशा असतील तर सातवी, आठवी तू घाल. चटईवर झालं की सिमेंटवर टाकून बघ, आणि निकाल तारखेनिशी लिही. मार्चअखेरीला डिस्पॅचवाले ‘मॅडम, एवढा लॉट जाऊ द्या’ म्हणत येतील. तिरकं पडल्यावर काय होतं, हे त्या लॉटच्या कागदावर लिहिलेलं नसेल, तर सही करू नकोस.

तुझा,
मामा