निग्रहाचा अहंकार

सिगारेट सोडताना औषधाचा आधार घेतला, तर त्या त्यागाचे मोल उणावते काय?

एका भस्म बुधवारी मी सिगारेट सोडली. गोळी नाही की निकोटिनचे च्युइंगम नाही. पहिला आठवडा जीवघेणा गेला. झोप उडाली, प्रार्थनेत चित्त ठरेना, स्वयंपाकीणबाईंवर विनाकारण ओरडलो. तीन-चार आठवड्यांनी शरीर निवळले. मनाला मात्र नवेच व्यसन जडले, स्वतःच्या निग्रहाच्या कौतुकाचे. पुढे धर्मग्रामातील एका गृहस्थांनी विचारले, "फादर, डॉक्टर च्युइंगम घ्या म्हणतात. घेऊ का?" मी म्हणालो, "कुबड्या कशाला? मी सोडलीच ना!" ते आजही ओढतात. मला पाहताच सिगारेट पाठीमागे लपवून दुरूनच नमस्कार करतात.

मनाने हाताला आज्ञा केली की हात हलतो, पण मनाने मनालाच आज्ञा केली तर ते अडून बसते, हे कोडे संत अगस्तीन यांनी 'कन्फेशन्स'च्या आठव्या भागात मांडले आहे. सेमिनरीत मी ते परीक्षेपुरते शिकलो. धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, म्हणजे ही बेडी मनाइतकीच देहाचीही. ती कोणाच्या पायी किती घट्ट आहे, हे मी कोणत्या मापाने मोजले? औषधावाचून सोडणारे पुष्कळ आहेत; त्यांचा मार्ग खोटा नव्हे. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये तंबाखूबरोबर औषधाचाही उल्लेख येतो, पण तेथे निषेध आहे तो अतिरेकाचा. 'कुबड्या' हा शब्द माझा.

रविवारी मिस्सानंतर त्या गृहस्थांच्या घरी जाणार आहे. क्षमा मागायची आहे.