बाळंतिणीचा भार कोणावर?

बाळंतपणाची रजा किती असावी, असा वाद निघाला की आम्ही आठवडे मोजू लागतो. १९६१ च्या कायद्याने १२ आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने ते २६ झाले. मात्र दोन मुले हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला बाराच. तिसऱ्या बाळाला भूक कमी लागते, असे कोणती आई सांगेल?

घरातली आमची मोजणी आणखी वेगळी. चाळीस दिवस झाले, बाळंतीण न्हाली, की ती चुलीपुढे. हे चाळीस दिवस हनफी फिकहने बाळंतपणाच्या रक्तस्रावाची कमाल मुदत म्हणून, नमाज-रोज्यांच्या संदर्भात सांगितले. कोकणातल्या शाफई घरांत ही मुदत साठ दिवसांची. ही इबादतीची मुदत आहे, शरीर भरून येण्याची नव्हे. आम्ही मात्र तिलाच विश्रांतीची शेवटची तारीख करून टाकले.

कुराणातली दुसरी मोजणी आम्हाला कमी आठवते. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर आणि तो नसेल तर वारसावर टाकला आहे. मुदत सांगतानाच खर्च कोणाचा, हेही तिथे सांगितले आहे.

आजच्या वादात नेमके हेच निसटते. कामगार राज्य विमा योजनेबाहेरच्या खासगी नोकरीत २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकाने द्यायचा असतो. मग नवविवाहितेला नोकरीच नाकारण्याचा मोह त्याला होतो. त्यावर उपाय रजा कापणे हा नव्हे. विमा आणि सरकारी निधी यांतून भार वाटून घेतला पाहिजे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. रजा प्रत्येक बापाला हवी आणि याहून मोठी हवी.

पण भिवंडी-मालेगावात घरी बसून नगावर मजुरी करणाऱ्या आमच्या बहिणीचे काय? तिचा मालक कोण, हेच कागदावर नसते. तिची रजा म्हणजे बुडालेली मजुरी. सरकारकडे मागणी करूच. पण मुलाच्या अकीक्याला उसनवारी करून दोन बकरे कापणारे आम्ही, त्याच्या आईची सहा महिन्यांची मजुरी भरून काढण्याचा विचार का करत नाही? ती गरजू असेल तर मोहल्ल्याच्या जकातीवरही तिचा हक्क आहे. पुढच्या रमजानात वाटपाची यादी करताना तिचे नाव आधी लिहू या.